टायरात कुठलं पाणी?

कल्याण-शीळ रोडला माझं टायरचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. डंपर, टेम्पो, रिक्षा सगळं पोरं बघतात, पण ट्रॅक्टरचं मागचं चाक मी स्वतः खोलतो. बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही की त्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असतं. १३.६-२८ मापाच्या टायरात पाऊणपर्यंत भरलं तरी दोनशे लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे एका चाकात दोनशे किलो. नवीन पोराने साधं चाक समजून नट काढले आणि ते अंगावर कललं तर संपलं.

मागच्या मंगळवारी सकाळी शेजारच्या गावातला एक पोरगा आला. ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलाय, बकेटमध्ये माती उचलली की मागची चाकं हलकी पडतात, पाणी भरून द्या म्हणाला. पण साधं नको, कॅल्शियम क्लोराईड घाला, म्हणजे एक प्रकारचं मीठच, बाहेरच्या देशातला व्हिडिओ बघून आलेला. मी त्याला बसवून नीट सांगितलं की तिकडे थंडीत टायरातलं पाणी गोठतं म्हणून ते घालतात, आपल्याकडे तो प्रश्नच नाही. वजन वीस-पंचवीस टक्के जास्त मिळतं हे खरं, पण ट्यूबला बारीक भोक पडलं की ते पाणी रिमला खातं. तिकडे काही लोक बीटाचा रस भरतात, तो रिमला त्रास देत नाही, पण इथे कोण आणणार. आणि क्लोराईड कधी कालवायचंच झालं तर पाण्यात थोडं थोडं सोडायचं, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही, भयंकर तापतं. पोराला पटलं. तो म्हणाला मग साधंच भरा काका.

भरायची पद्धत पण सांगतो, कारण रस्त्यावर निम्मे लोक चुकीची करतात. चाक जॅकवर घ्यायचं, खाली लाकडी ठोकळे, वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) बरोबर वर आणायचा, त्याच्या आतली पिन काढायची, नळी लावायची आणि मधेमधे नळी काढून आतली हवा सोडायची. वॉलमधून पाणी बाहेर यायला लागलं की झालं, साधारण पंच्याहत्तर टक्के. मग पिन बसवून वरच्या जागेत हवा. ती हवाच गादीचं काम करते. काही जण लवकर सुटायला काठोकाठ भरून देतात, मग प्रत्येक दगडाचा दणका सरळ टायर आणि रिमवर. असं काम करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ट्रॅक्टर विकणारे तर नुसतं ‘पाणी भरून घ्या’ एवढंच सांगतात, किती, कुठपर्यंत, कुठलं, काही नाही.

पोराची दोन्ही चाकं भरून दिली, तो महापेला साईटवर गेला.

दुपारी तीनला माझे जुने गिऱ्हाईक असलेले एक काका आले, डाव्या चाकाच्या वॉलपाशी पाणी पाझरतंय म्हणून. त्यांचं काम मीच करतो. जूनमध्ये चिखलणीच्या आधी पाणी काढायचं, नाहीतर खाचरात ट्रॅक्टर रुतत जातो, आणि दिवाळीनंतर परत भरायचं, तीन वर्षं हेच चाललंय. वॉल खाली घेऊन पिन काढली तर तांबडं पाणी. टायर खोलला. बाभळीच्या काट्याने ट्यूबला सुईएवढं भोक पाडलेलं, आणि वॉलच्या भोकाभोवती रिम इतकी गंजलेली की पापुद्रे निघत होते, एका जागी माझं बोट आरपार गेलं. साध्या पाण्याने पण गंज येतो, पण तीन वर्षांत एवढा नाही. मी बोट जिभेला लावलं. खारट.

हे पाणी माझ्याच बोअरचं. सकाळी पोराला भरलं ते पण त्याच टाकीतलं!

खाडी इथून लांब नाही, बोअर खारट आहे हे मला माहीत होतं, प्यायला आम्ही कधी घेतलं नाही. पण टायरात काय फरक पडतो, असंच डोक्यात बसलेलं. शेजारच्या आरओवाल्याचं पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणून बघितलं, लिटरला २९०० मिलिग्रॅम दाखवलं. पिण्याच्या पाण्याला दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं तोच म्हणाला. म्हणजे क्लोराईड नको म्हणून त्या पोराला अर्धा तास समजावलं आणि हाताने मीठच भरून दिलं, पातळ असेल, पण मीठच.

पोराला फोन केला. संध्याकाळी वैतागत आला, दिवस मोडला होता त्याचा, बरोबरच आहे. दोन्ही चाकं रिकामी केली, तळाशी थोडं राहतंच, म्हणून टँकरचं गोडं पाणी घालून दोनदा काढलं आणि तिसऱ्यांदा भरलं. टँकरचे पैसे मी दिले.

काकांच्या रिमला मागच्या गॅरेजवाला म्हणाला टायर राहू दे, असाच तुकडा वेल्ड करतो. मी त्याला हात लावू दिला नाही. टायर रिमवर असताना वेल्डिंग केलं तर आतलं रबर तापून त्याचा पेटणारा वायू साचतो आणि टायर फुटतो, माणूस जातो, हवा सोडलेली असली तरी. तसंही ती रिम वेल्ड करण्यासारखी राहिली नव्हती. दुसरी जुनी रिम बघून बसवली, अर्धे पैसे मी घातले. काका घेत नव्हते, म्हणाले, ‘तू पाणीच भरलंस ना, विष नाय भरलंस.’ मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

मी वही कधी ठेवली नाही. आठवून आठवून नऊ ट्रॅक्टर निघाले ज्यांना या बोअरचं पाणी गेलंय, सहा जणांना फोन झाले. एकाने ट्रॅक्टर मुरबाडला विकलाय, त्या नव्या मालकाचा नंबर काढतोय. दोघांचा काही पत्ता नाही. त्यातला एक नर्सरीवाला होता, निळा ट्रॅक्टर, एवढंच आठवतंय.