आधी याद्या जुळवा, एआय नंतर

फ्रॉड पकडायचं सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना लगेच एआय-बिआय आठवतं, पण पीएमसी बँकेचं २०१९ चं प्रकरण बघा ना. एचडीआयएल या बिल्डर कंपनीची थकलेली कर्जं लपवायला २१ हजारांवर बोगस खाती दाखवली, आणि तीही नुसती आरबीआयला दिलेल्या यादीत, बँकेच्या कोअर बँकिंग सिस्टिममध्ये, म्हणजे सगळी खाती जिथे नोंदलेली असतात तिथे, त्यांचा पत्ताच नाही! म्हणजे दोन्ही याद्या एक्सेलमध्ये टाकून साधा व्हीलूकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा फॉर्म्युला) मारला असता तरी एरर्सची रांगच लागली असती (अर्थात सिस्टिमचा डेटा थेट काढलेला हवा, साहेबांनी मेल केलेली फाईल नको). बनावट आकडे ओळखायचा तो बेनफर्डचा नियम, बऱ्याच खऱ्या डेटामध्ये साधारण ३० टक्के आकडे १ ने सुरू होतात वगैरे, भारीच आहे, पण मी तरी आधी याद्याच जुळवते.