कांपुंग कुता

आज शुक्रवार गाठून मुद्दाम कांपुंग कुताला गेलो. पश्चिम जावातल्या चियामिस जिल्ह्यातलं, मध्य जावाच्या हद्दीला लागून असलेलं, सुंदा या तिथल्या समाजाच्या शेतकऱ्यांचं गाव. बाली, जकार्ता करून परतणाऱ्यांना याचं नावही ठाऊक नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

शुक्रवारच का? गावाच्या राखीव रानात फक्त सोमवारी आणि शुक्रवारी जाता येतं. तेही अनवाणी. आत गेल्यावर काडीसुद्धा मोडायची नाही. आपल्याकडच्या देवराईचाच कायदा! हे रान जपल्याबद्दल गावाला २००२ साली इंडोनेशिया सरकारचा ‘कल्पतरू’ पुरस्कार मिळाला. माझ्या मते कमीच आहे तो.

घरं लाकूड-बांबूची, जमिनीपासून थोडी उचललेली. विटा-सिमेंटला मनाई, विहीर खणायलाही मनाई, कारण इथली जमीन ठिसूळ. पाणी झऱ्यांचं.

दुपारी एका मावशींच्या चुलीपाशी बसलो. आरेन नावाच्या माडाचा रस बांबूच्या नळकांड्यांत उतरवून आणलेला, आणि आता तो मोठ्या कढईत तासन्‌तास आटत होता. फेस वर आला, मग रंग गडद झाला, मग बुडबुडे जड पडू लागले. मावशींनी कढईच्या कडेचा गूळ खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. चटका बसला, पण धुराचा तो गोड वास अजून बोटांना आहे.

कुणी या बाजूला येणार असाल तर वार बघून या, आणि इथला गूळ गावातूनच विकत घ्या.