कानबाईच्या गाण्यातला ‘ऱ्ह’

अमळनेरला आमचं डीटीपीचं दुकान आहे, दुकान म्हणजे काय, दीड टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर बिलबुकं, पावतीपुस्तकं आणि दशक्रियेचे कार्ड. श्रावणात जरा निवांत असतं म्हणून त्या सोमवारी मी डबा खाऊन डुलक्या घेत होते तर एक रिटायर गुरुजी आले, कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची देवी, तिची अहिराणीतली गाणी त्यांनी आपल्या आईकडून, मावश्यांकडून ऐकून लिहून ठेवलेली, मोबाईलवर टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवली होती, त्याची पुस्तिका पाहिजे. डेमी साइज, ५०० प्रती, आत नुसती काळी शाई, कव्हर फोर कलर, आणि रविवारच्या आत हातात. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, रात्रभर बाया गाणी म्हणतात, तर सोमवार उलटल्यावर ती पुस्तिका काय कामाची.

गुरुजींना प्रत्येक गाण्याच्या नावाला वेगळा फॉन्ट पाहिजे होता, चारी बाजूंनी वेलबुट्टीची बॉर्डर आणि मागे फिकट कलश. मी म्हटलं गुरुजी, एक फॉन्ट गाण्याला, त्याचाच बोल्ड नावाला, बास. मग मार्जिनवर गाडी आली. "कोरी जागा कसाले सोडी वं माय? कागदना पैसा तं पूरा लेस ना?" आता याला काय उत्तर द्यायचं. म्हटलं गुरुजी, फळ्यावर तुम्ही कधी पार कडेपर्यंत लिहायचे का? ते हसले आणि बॉर्डर गेली. कलश मात्र राहिला, पण फक्त पहिल्या पानावर.

अक्षराचा आकार मी मुद्दाम १४ पॉइंट धरला, कारण वाचणार कोण, चष्मेवाल्या आजीबाई, तेही रात्री मांडवातल्या लाईटात. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे १४ तसा मोठाच. पण ओळींमधलं अंतर, आम्ही लीडिंग म्हणतो ते, सॉफ्टवेअर आपोआप १२० टक्के धरतं, म्हणजे १४ ला १७ च्या आसपास. इंग्रजीला ते चालून जातं, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. पहिलं पान काढलं तर वरच्या ओळीतल्या ‘पूजा’चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसलेला, जसं काय एसटीत मागच्याचे पाय पुढच्याच्या सीटखाली. २१ पॉइंट केलं तेव्हा पान मोकळं झालं. पण मजकूर ३३ व्या पानावर गेला आणि गुरुजी म्हणे एक पान वाढव ना. पिनिंगच्या, म्हणजे दुमडलेल्या कागदांना मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात एक पान वाढत नाही हो, चारच्या पटीत जातं, ३२ नाहीतर ३६. शेवटी मनोगत दोन पानांचं होतं ते एक केलं. (मनोगत नेहमी कापता येतं, हा माझा अनुभव आहे.)

कव्हरचं फार काही नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपने दाबून पाठवलेला, १२०० पिक्सेल रुंद, छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, चारच इंच भरतो आणि कव्हर साडेपाच इंच, म्हणून ओरिजिनल डॉक्युमेंट करून मागवला. कुंकवाचा लाल पार कडेपर्यंत होता म्हणून तो कडेच्या बाहेर ३ एमएम वाढवला, त्याला ब्लीड म्हणतात, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ दिसते.

गुरुजींनी दोन प्रूफं वाचली, गुणगुणत वाचली, सही केली, आणि गुरुवारी संध्याकाळी मी पीडीएफ जळगावच्या प्रेसला मेल केली. साडेसातला गुरुजी अ‍ॅडव्हान्स द्यायला आले, सोबत पुण्याहून आलेली नात, पाचवीतली. पोरीला अहिराणी येत नाही. तिने टेबलावरचं प्रूफ उचललं आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागली आणि अडली. "आजोबा, हे काय आहे? कर-हा... अर्हा..."

मी पान हातात घेतलं. ‘करी र्हायनी’. रफार! ‘ऱ्हायनी’ पाहिजे तिथे ह च्या डोक्यावर रफार. खाली ‘र्हास’, पुढच्या पानावर ‘सार्या बाया’. आणि अहिराणी म्हणजे काय, दर दोन ओळींना ‘ऱ्हायनी’ नाहीतर ‘ऱ्हास’ (आपल्या ‘राहणे’चीच रूपं) येणारच. गुरुजींना गाणी पाठ, माझं माहेर धुळ्याकडचं, आम्ही दोघांनी कागदावर नव्हतंच ते वाचलं होतं.

झालं असं, की आमच्याकडे पानं लावायला अजून पेजमेकर ७ चालतं, २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्याला युनिकोड, म्हणजे मोबाईलवर आपण टाईप करतो ती अक्षरांची पद्धत, कळत नाही. म्हणून मोबाईलवरचा मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये आणावा लागतो. युनिकोडमध्ये अर्धा र दोन तऱ्हेने होतो. साध्या ‘र’ला हलन्त दिला की रफार, आणि खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला दिला की ‘ऱ्या’मधला तो आडवा र. गुरुजींनी बिचाऱ्यांनी बरोबर टाईप केलं होतं. कन्व्हर्टरने टिंब खाल्लं आणि सगळ्याचा रफार केला.

जळगावला फोन लावला. छपाईची एक प्लेट निघाली होती, आठ पानांची. म्हटलं थांबवा, ती प्लेट माझ्या खात्यात. (आमच्या ह्यांनी नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत.)

मग फाइंड-रिप्लेस. ‘र्ह’ सोपं गेलं, ‘र्हा’ वेगळं, ‘र्हे’ वेगळं, कारण जुन्या फॉन्टमध्ये रफार हा मात्रेच्या नंतर बसलेला तुकडा असतो, तरी पंधरा मिनिटांत उरकलं. मग त्याच जोशात ‘र्य’लाही रिप्लेस ऑल मारलं आणि आपली हुशारी बघत बसले. आतलं पहिलंच पान, ‘काऱ्यकारी मंडळ’. गाण्यांत सूर्य होता त्याचा ‘सूऱ्य’ झाला होता. कॉम्प्युटरला काय माहीत ‘साऱ्या’ कुठला आणि ‘सूर्याला’ कुठला, त्याला दोन्हीकडे एकच तुकडा दिसतो.

अनडू करायच्या आधीच सेव्ह केलेलं होतं, कारण लाईट जाते म्हणून मला दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस मारायची सवय. मग राहिला एकच मार्ग, ३२ पानं हाताने. नात वाचायची, जसं दिसतं तसं, मी दुरुस्त करायची, गुरुजी मधेच चाल लावून म्हणायचे आणि ती त्यांना दटावायची, आजोबा तुम्ही बोलू नका ना, मला चुकीचं वाचता येत नाही मग. हे अकरापर्यंत चाललं. चहा तीनदा झाला. सव्वाअकराला फाईल गेली.

शनिवारी दुपारी रेल्वेने गठ्ठे आले. कुंकवाचा लाल मस्त उतरला होता, स्क्रीनपेक्षा जरा दबका, पण सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तो तसाच येतो. गुरुजींनी वरची प्रत कपाळाला लावली. नातीने दुसरी उचलली आणि तिथेच स्टुलावर बसून पहिल्यापासून वाचायला लागली. माझ्या पोटात गोळा. सत्ताविसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"ताई, इथे अजून सूऱ्य आहे."

पाचशे प्रती. मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ घेतलं, दूर धरलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं माय."