कुरुंदवाड, खिद्रापूर आणि हाताआड लपवलेला दिवा

दिवाळी उरकली होती आणि ऊसतोड सुरू झाली होती. या दिवसांत शिरोळ तालुक्यातला रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो, आपण मुकाट मागून जायचं. कोल्हापुरातून सकाळी सातला गाडी काढली, मागे दोस्त. त्याचं उद्यमनगरात लेथचं काम, म्हणून सुट्टी सोमवारची.

जायचं होतं कुरुंदवाडला. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी तिथं जन्मले, 4 ऑक्टोबर 1956 रोजी. बालपण हुबळीत गेलं, मग आयआयटी दिल्ली, मग अमेरिकेत बर्कली आणि पुढे कॅलटेक. 2024 चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हापासून मनात होतं की एकदा त्या गावच्या घाटावर जाऊन बसायचं. आपल्या जिल्ह्यात पैलवानांची नावं पोराटोरांना पाठ असतात. हेही नाव पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चहाच्या गाड्यावर विषय काढला. चहावाले काका पातेलं ढवळत म्हणाले, "सुधा मूर्तींचा भाऊ न्हवं का?" होय, तेच. पण त्यांनी शोधलं काय, हे दोस्तानं विचारलं आणि चहा निवला.

1982 साली कुलकर्णी अजून पीएचडीचे विद्यार्थी होते. डॉन बॅकर यांच्यासोबत त्यांनी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा दाबून घट्ट झालेला गाभा, पकडला. तो सेकंदाला 642 वेळा स्वतःभोवती फिरत होता.

"सेकंदाला? मिनिटाला असंल गा."

सेकंदालाच. मिनिटाचे साडेअडतीस हजार फेरे. लेथवाल्या माणसाला हा आकडा जसा कळतो तसा आपल्याला नाही कळायचा. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. "आणि जॉब केवढा?" मी म्हटलं, इथून नको, कोल्हापुरातून बघ; आपल्या गावापासून पन्हाळ्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढा रुंद गोळा, आणि वजन सूर्याहून जास्त. जोडीच्या ताऱ्याकडून ओढलेला वायू अंगावर पडत राहतो आणि असा तारा वेग घेत जातो. दोस्त बराच वेळ गप्प होता.

तिथून खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी फक्त स्वर्गमंडपाबद्दल बोलतो. छताला मधोमध मोठा गोल मोकळा सोडलाय, खाली तेवढीच गोल शिळा. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे उन्हाचा गोल शिळेवरून निसटून उत्तरेच्या खांबांवर चढला होता. त्रिपुरी पौर्णिमेला इथं चंद्र बघायला गर्दी होते. शिळेच्या कडेला उभा राहून वर बघताना मला अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेचा कॅमेरा आठवला. कुलकर्णींच्या नेतृत्वाखाली 2018 मध्ये तिथं झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी सुरू झाली. तिच्या एका फोटोत 47 चौरस अंश आकाश येतं, म्हणजे दोनशेहून जास्त पूर्णचंद्र मावतील एवढं. काल नव्हतं आणि आज उजळलं, असं काहीही आकाशात असलं की तो कॅमेरा टिपतो.

संध्याकाळी परत फिरून नृसिंहवाडीत आलो. पेढे घेतले, दर्शन घेतलं, घाटावर बसलो. पायऱ्यांवर एक हॅलोजन इतका डोळ्यांवर येत होता की नदी नुसती काळी दिसत होती. मी हात लांब करून तळव्यानं तो दिवा झाकला, आणि पाण्यावर द्रोणातले दिवे दिसायला लागले. दोस्तालाही तसंच करायला लावलं.

1994-95 मध्ये कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. ग्लीझ 229 हा 19 प्रकाशवर्षांवरचा तारा. पालोमारच्या 60 इंची दुर्बिणीत त्याचा झगमगाट आडोशानं झाकला, तर शेजारी एक मिणमिणता ठिपका सापडला. 200 इंची हेल दुर्बिणीनं त्याचा वर्णपट घेतला, त्यात मिथेन निघाला, गुरू ग्रहावर असतो तसा. ताऱ्यावर मिथेन टिकत नाही, उष्णतेनं मोडतो. म्हणजे हा तारा नव्हे, आणि वजनानं पाहिलं तर ग्रहही नव्हे. निःसंशय ओळखला गेलेला हा पहिलाच मिथेनवाला तपकिरी बटू. तारा आणि ग्रह यांच्यामधली जागा रिकामी नाही, हे त्या एका ठिपक्यानं दाखवून दिलं.

पण त्याचा हिशेब जुळत नव्हता. वजन भरपूर आणि उजेड त्या मानानं फार कमी.

"दादा, त्यो बघ," दोस्त मध्येच म्हणाला. प्रवाहात लांबवर एक दिवा होता. जवळ आला तेव्हा कळलं, दोन द्रोण एकमेकांना चिकटून वाहत होते.

मी त्याला सांगितलं, 2024 मध्ये ग्लीझ 229 बी च्या, म्हणजे त्याच ठिपक्याच्या बाबतीत हेच निघालं. ते दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. दोघांचं मिळून वजन, आणि उजेड दोन छोट्यांचा.

त्यानं हात खाली घेतला नाही. तळवा तसाच हॅलोजनवर धरून तो पुढचे दिवे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "थांब जरा, आणखी येताहेत."