एफ-८ वरचं प्यादं

पटाभोवती लोक नुसते उभे असतील तर काळजी नसते. एकमेकांकडे बघायला लागले की पंचानं समजायचं, काहीतरी शिजतंय. शेवटच्या फेरीत चौथ्या पटापाशी तसं व्हायला लागलं तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून तिकडे निघालो.

सांगली-मिरजेकडच्या एका मंगल कार्यालयात ही बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा होती. नऊ फेऱ्या, स्विस पद्धत (म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर), प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची भर. मी सहायक पंच. एरवी मी एका सहकारी बँकेत कर्जाच्या फायली बघतो आणि सुट्ट्या लागल्या की गळ्यात पंचाचं ओळखपत्र अडकवतो. बायको म्हणते, दोन्हीकडे तुझं काम एकच, समोरच्याला नियम दाखवून त्याचं तोंड पाडायचं.

चौथ्या पटावर पांढरी मोहरी घेऊन बसला होता बारा वर्षांचा एक मुलगा. काळ्याकडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका, सत्तरी ओलांडलेले. हे काका चाली मराठीत लिहायचे. सगळे के, क्यू, आर लिहितात, यांच्या कागदावर रा, व, ह, उं, घो. पहिल्याच दिवशी एक पोरगा माझ्याकडे आला, ‘सर, ते काहीतरी कोडमध्ये लिहितायत.’ आपापल्या भाषेतलं मोहऱ्याचं आद्याक्षर लिहायला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांची मुभा आहे, हे त्याला पटवून देईपर्यंत माझी पाच मिनिटं गेली.

काका म्हणजे गोड आजोबा, असं मात्र समजू नका. तिसऱ्या फेरीत एका मुलीनं घोडा उचलला आणि परत ठेवला, तर यांनी मला बोलावून तिला तो घोडाच चालायला लावला. घोडा हलला की तिचा वजीर जात होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, हे ढिम्म. पाचव्या फेरीत, समोरच्याचा पाय टेबलाला लागतो म्हणून तक्रार. नियम त्यांना तोंडपाठ, माझ्याहून थोडे जास्तच.

मी पोचलो तेव्हा पटावर तीनच गोष्टी उरल्या होत्या. पांढरा राजा एफ-६ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी), पांढरं प्यादं एफ-७ वर, काळा राजा एच-७ वर. चाल पांढऱ्याची. प्यादं एक घर पुढे सरकलं की शेवटच्या पट्टीवर पोचणार, मग त्याच्या जागी वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा ठेवायचा. हात आपोआप वजिराकडे जातो आणि इथंच माणूस माती खातो. एफ-८ वरचा वजीर जी-८, एच-८, जी-७ आणि एच-६ ही चारही घरं अडवतो, जी-६ वर पांढऱ्या राजाचा पहारा. काळ्याला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. प्याद्याचा हत्ती केला तर मात्र काळ्या राजाला एच-६ हे एकच घर मिळतं आणि पुढच्याच चालीला हत्ती एच-८ वर जाऊन मात. राजा ई-७ ला नेऊन वजीर करण्याचा सरधोपट रस्ताही होता, पण तो शोधायला वेळ कोणाकडे होता? मुलाच्या घड्याळात अकरा सेकंद.

त्याला हत्ती दिसला होता, हे मी शपथेवर सांगीन. आधी भुवया वर गेल्या, मग कोणाला कळू नये म्हणून त्यानं ओठ दाबले. त्यानं प्यादं एफ-८ वर सरकवलं आणि हात बाजूला नेला. तिथं होती त्यानं मारलेली काळी मोहरी आणि आम्ही ठेवलेला जास्तीचा पांढरा वजीर. जास्तीचा वजीर आम्ही प्रत्येक पटाशेजारी ठेवतो. जास्तीचा हत्ती कोण ठेवतं? त्याचे दोन्ही हत्ती मारले गेले होते, काकांच्या कोपराशी पडले होते. चार सेकंद, तीन. पोरगं घाबरलं आणि त्यानं घड्याळ दाबलं. मग काकांच्या बाजूला बोट दाखवून म्हणालं, ‘आजोबा, तो हत्ती.’

आता नियम. मोहरं हाताशी नसेल तर खेळाडूनं घड्याळ थांबवून पंचाला हाक मारायची, ती सोय आहेच. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं, तर ती चाल बेकायदा. आणि फिडेचा नियम ७.५.२ पुढे म्हणतो की अशा वेळी त्या प्याद्याच्या जागी वजीर ठेवायचा. हत्ती, उंट, घोडा यांतलं काही मागायचा हक्क गेला. एरवी मुलांना ही शिक्षा वाटतच नाही, वजीरच तर हवा असतो. शिवाय समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. पण इथं वजीर ठेवला की डाव तिथंच संपत होता. ती दोन मिनिटं काका कुठं खर्च करणार होते? प्रत्येक फेरीच्या आधी मी माईकवरून ओरडतो, आधी मोहरं, मग घड्याळ.

मी ‘थांबा’ म्हणालो आणि घड्याळाकडे हात नेला.

काकांनी पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय करणार आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. कोपराजवळचा पांढरा हत्ती त्यांनी उचलला, मुठीत घेतला, आणि दुसरा हात मुलापुढे केला. ‘सोडला डाव.’

मुलानं हात मिळवला. दोघांनी एकमेकांच्या कागदावर एक-शून्य लिहून सह्या केल्या. आपण कशातून वाचलो याचा त्या पोराला पत्ताच नव्हता. ‘थँक यू आजोबा’ म्हणून ते आईकडे पळालं. घड्याळ मी त्यानंतर थांबवलं.

पाच मिनिटांत कॉलेजातला एक मुलगा माझ्यासमोर उभा. त्याचा डाव आधीच संपला होता, साडेसहा गुण. बक्षिसं दहा.

‘सर, चौथ्या पटावर बरोबरी व्हायला हवी होती ना?’

मी म्हटलं, काळ्यानं डाव सोडला.

‘तुम्ही त्याआधी थांबा म्हणालात. मी मागंच होतो.’

त्यानं मोबाइलवर हिशेब करून आणला होता. बरोबरी धरली तर तो टायब्रेकवर, म्हणजे सारखे गुण असलेल्यांचा क्रम लावायच्या हिशेबात, दहावा. पोरगा जिंकला तर हा अकरावा. ‘दोन हजार आहेत सर. एसटीचं आणि इथल्या राहण्याचं तरी निघालं असतं. त्यांना मोठेपणा करायचाय तर स्वतःच्या खिशातून करावा.’

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानं रीतसर फी भरून अपील केलं. मंगल कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत समिती बसली, आरशाभोवती आदल्या लग्नाच्या टिकल्या तशाच चिकटलेल्या. मुख्य पंचांनी मला एकच विचारलं. ‘थांबा म्हणालास, की निर्णय दिलास?’ मी जे झालं ते सांगितलं. थांबा म्हणालो. निर्णय बोललो नव्हतो, पटावर वजीर ठेवला नव्हता, प्यादं प्यादंच होतं.

समितीतल्या एकाचं म्हणणं, बेकायदा चाल पंचाच्या डोळ्यांदेखत झाली की ती दुरुस्त व्हायलाच हवी, समोरच्याला ती माफ करायचा अधिकार नाही. दुसरे म्हणाले, डाव चालू आहे तोवर खेळाडू कधीही डाव सोडू शकतो, सोडला की त्या क्षणी डाव संपला, आणि वजीर पटावर येईपर्यंत स्टेलमेट झालेलंच नव्हतं. मग साहजिकच २०१७ ची कॅनडाची गोष्ट निघाली. पंचांच्या कोणत्याही बैठकीत ती निघतेच. राष्ट्रीय विजेतेपदाची बरोबरी फोडायचा ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद, डाव, निकोलाय नोरित्सिनचं काळं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, पण काळा वजीर सापडेना. त्यानं हत्ती उलटा ठेवला आणि ‘वजीर’ म्हणाला. पंचांनी डाव थांबवून सांगितलं, उलटा असला तरी तो हत्तीच. तो काळा वजीर होता कुठं? प्रतिस्पर्धी बातोर सांबुएव्हच्या हातात. डाव आणि विजेतेपद सांबुएव्हनं घेतलं. आपल्या हातात काय आहे हे सांगायला सांबुएव्ह बांधील होता का, यावर अजून दोन पंच एकत्र आले की तीन मतं पडतात.

‘आणि इथं उलटंच,’ मुख्य पंच म्हणाले, ‘हत्ती मुठीत धरून हा माणूस हरला.’

काकांना बोलावलं. ते उभेच राहिले.

‘पोरानं हत्ती मागितला. माझ्या तोंडासमोर मागितला. म्हणजे मात दिसली होती त्याला. मला मात झाल्यावर मी अर्धा गुण कशाचा घेऊ?’

मला राहवलं नाही. ‘काका, तिसऱ्या फेरीत त्या मुलीला घोडा चालायला लावलात.’

‘तिनं चुकीचा घोडा उचलला होता. यानं चाल बरोबर खेळली, फक्त सामान माझ्याकडे होतं.’ मग दाराशी जाऊन वळले. ‘आमच्या आजोबांच्या देशी डावात ज्या मोहऱ्याच्या घरात प्यादं पोचेल तेच मोहरं व्हायचं. एफ-८ ला उंट झाला असता. नुसत्या उंटानं काय मात होते? तेव्हा त्या पोराचं नशीब समजा.’ आणि गेले. अकराव्या नंबरच्या मुलाचं काय, हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि ते थांबलेही नसते.

समितीनं दोनास एक मतांनी निकाल कायम ठेवला. अपील फेटाळलं की फी जप्त होते, पण मुख्य पंचांनी ती त्या कॉलेजच्या मुलाला परत दिली, मुद्दा खरा होता म्हणून. त्यानं पैसे मोजून खिशात टाकले, माझ्याकडे न बघता बॅग उचलली आणि साडेसहाची गाडी पकडायला गेला.

फिडेच्या नियमांच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की पंचाकडे निर्णयाची समज हवी आणि पूर्ण तटस्थपणा हवा. मी ‘थांबा’ म्हणालो आणि काकांनी हात पुढे केला, यांमध्ये दीड-दोन सेकंद होते. घड्याळ माझ्यापासून हातभर अंतरावर. एरवी माझा हात इतका सावकाश जात नाही. समितीनं मला हे विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

रात्री बक्षीस समारंभ उरकल्यावर गुणपत्रिका पटाच्या क्रमानं लावत बसलो होतो. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. चौथ्या पटाचे दोन कागद हाती आले. मुलाच्या कागदावर शेवटची चाल नुसती ‘एफ ८’, पुढे काही नाही, पेन घाईत ओढलेलं. काकांच्या कागदावर, सहीच्या वर, ठळक अक्षरात: ‘एफ ८ = ह’.

मी दोन्ही कागदांना एकच टाचणी लावली आणि पुढचा पट घेतला.