तुम्ही विचारलंत म्हणून: पूर ओसरला, आता नदीत कधी उतरायचं?

"पाणी उतरलंय की, आता पव्हायला काय हरकत?" आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर, कुठल्याही काठावर पूर ओसरला की हा प्रश्न येतोच. 2019 च्या ऑगस्टनंतर आला, 2021 च्या जुलैनंतरही आला. विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो: किती दिवस थांबायचं? तो मी देत नाही, म्हणून मी घाबरट ठरतो. एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी कबुली. आकडा मीही देत असे: पाऊस थांबल्यावर तीन दिवस. तो हवेतला नव्हता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पावसानंतर 72 तास पाण्यात उतरू नका, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. पण तो समुद्र आहे. तिथं भरती-ओहोटी आहे, पाणी खारं आहे. कृष्णा आपल्याकडे येते ती नरसोबाच्या वाडीला पंचगंगा पोटात घेऊन, म्हणजे कोल्हापूर-इचलकरंजीच्या सांडपाण्यासकट. पुढं सदलग्याकडून दूधगंगा मिळते. आपल्या गावात ऊन पडलेलं असतं, तेव्हाही वरच्या धरणांचा विसर्ग चालू असू शकतो. तीन दिवस मोजायचे तरी कुठून?

शिवाय पूर चढताना पाणी अफाट असतं, घाण त्यात पातळ होते. ओसरताना उलटं होतं. उसाच्या फडात, गोठ्यात, गल्लीत आठवडाभर तुंबलेलं पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीला परत येतं. उकिरडे, संडासाचे शोषखड्डे, जनावरांचं मूत, मेलेल्या उंदीर-घुशी, फडातली औषधं, सगळं त्यात असतं, आणि ते सामावून घ्यायला नदीत आता पहिल्याइतकं पाणी नसतं. आपण नेमके तेव्हाच टॉवेल खांद्यावर टाकून निघतो.

"पण पाणी निवळलंय," हे पुढचं वाक्य. निवळतो तो गाळ. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष 100 मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त 500 कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण ठरणारे जंतू) असा आहे. डोळ्याला 500 आणि 50,000 सारखेच दिसतात. खाली बसलेल्या गाळातही जंतू जगतात, आणि पहिल्या पाच पोरांनी काठाशी धुडगूस घातला की तो गाळ पुन्हा वर येतो.

माझा तीन दिवसांचा आकडा सुटला तो एका शर्यतीच्या नोंदींमुळे. लोक म्हणतात, अमेरिकेतल्या शर्यतीचा आपल्याला काय उपयोग? उपयोग असा, की आपल्या काठावर कोण आजारी पडला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिथं ठेवला गेला.

21 जून 1998. इलिनॉय राज्यातलं स्प्रिंगफील्ड तळं. पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत. आधीच्या दिवसांत जोरदार पाऊस झालेला. उतरलेली माणसं कसलेली, धडधाकट. शर्यत संपली, मंडळी आपापल्या गावी गेली, आणि काही दिवसांनी वेगवेगळ्या ठिकाणी ताप सुरू झाले. प्रत्येक डॉक्टरसमोर एकच तापाचा रुग्ण. तळ्याची सांगड कोण घालणार? पुढं शोध घेतला तेव्हा 876 पैकी 834 स्पर्धकांशी संपर्क झाला. 98 जण आजारी पडले होते. 474 जणांचं रक्त तपासलं, त्यात 52 जणांना लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणारा जंतूचा ताप, निघाला. धोका कुणाला जास्त होता? ज्यांच्या पोटात तळ्याचं पाणी गेलं त्यांना. एक घोटसुद्धा पुरला.

या नोंदी वाचताना मी बराच काळ स्वतःशी भांडलो. 98 आजारी म्हणजे सातशेच्या वर ठणठणीत राहिले की! "आमचे आज्जे पुरात पुलावरनं उड्या मारायचे, काय झालं नाही," असं काठावरचा म्हातारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. बहुतेकांना खरंच काही होत नाही. पण ते तळं होतं, गावं बुडवून आलेला महापूर नव्हता. 2000 साली बोर्निओतल्या साहस-शर्यतीत पावसानं फुगलेली सेगामा नदी होती. तिथं चौकशी झालेल्या 189 जणांपैकी 80 जणांना या आजाराची लक्षणं होती. आपली कृष्णा दोन्हींपैकी कुणाच्या जवळची, ते तुम्हीच ठरवा.

लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदीर, कुत्री, डुकरं, गाई-म्हशी यांच्या मुतातून पाण्यात येतो. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, कोरड्यात आणि क्लोरीनमध्ये मरतो. शिरतो तो खरचटलेल्या जागेतून, डोळ्या-नाका-तोंडाच्या आतल्या कातडीतून, पाण्यात राहून मऊ पडलेल्या त्वचेतून. ताप साधारण 5 ते 14 दिवसांनी येतो, कधी महिन्यानंही. सणकून ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत हात लावू देणार नाही अशी कळ. मग दोन दिवस बरं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. काहींना त्यानंतर कावीळ होते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडतं. सुरुवातीलाच औषध मिळालं तर आजार बहुधा आटोक्यात येतो. रक्ताची नेहमीची चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

हगवण आणि विषमज्वर तुम्हाला माहीत आहेत. पाण्यातून होणारी कावीळ मात्र दोन ते आठ आठवड्यांनी उठते, तोवर पोहणं विसरलेलं असतं. त्यातला ई प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो. पत्रा, काटेरी तार किंवा खिळा लागला, तर धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांच्या आत झालंय का, ते बघा.

जंतूंवर विश्वास नसेल तर बंधाऱ्याकडे बघा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात. वरून संथ दिसणारं पाणी त्या गाळ्यांतून ओढीनं जातं आणि खाली भोवऱ्यात माणसाला फिरवत ठेवतं. तिथं पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात जिथं सूर मारलात तिथं आता वाळूचा ढीग, अडकलेलं झाड नाहीतर नवं डबरं असेल. पुराआधीचा तळ पुरानंतर तुमच्या ओळखीचा राहत नाही.

"मग विहिरीत पव्हू?" पुराचं पाणी शिरलेली विहीर म्हणजे न वाहणारी नदी. आधी मोटर लावून उपसा, गाळ काढा. नव्यानं भरलेल्या पाण्याला 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 1,41,000 लिटर होतं, म्हणजे साधारण 350 ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडून ढवळा. तासाभरानं तपासलं तर पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम दिसायला हवं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि आकडा शून्य येतो. मग पुन्हा मात्रा द्या. उघडलेल्या पुड्यात वर्षभर पडलेल्या पावडरीचा उपयोग नाही.

मी नदीचा वैरी नाही. सांगडीवर पोहायला शिकलेल्या माणसाला पोहण्याच्या तलावाची वेळ आणि फी परवडत नाही, हे मला कळतं. काठावरची मोटर काढायला, जाळं टाकायला, म्हशी धुवायला ज्यांना उतरावंच लागतं, त्यांना "थांबा" म्हणणं पोकळ आहे. त्यांच्यासाठी मी आजही आकडा शोधतोय. तोवर एवढं करा: जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, पायात गमबूट, डोकं बुडवायचं नाही, तोंड मिटलेलं, आणि बाहेर आल्याबरोबर स्वच्छ पाण्यानं साबण लावून अंघोळ. रोजच उतरावं लागत असेल तर आधी घ्यायच्या डॉक्सिसायक्लिन या जंतू मारणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून स्वतःच आणून गिळू नका, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर नाहीच.

ताप आलाच, तर दवाखान्यात नदीचं नाव आधी घ्या. "थंडी-ताप आहे" एवढंच सांगितलंत तर डॉक्टर डेंग्यू, मलेरियाकडे बघतील, त्यांचं चुकलं असं नाही. "दहा दिवसांपूर्वी पुराच्या पाण्यात उतरलो होतो," हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर: "नदियल्लि ईजिद्दे, हत्तु दिन आयितु."