१:४७ ला आलेली ओळ

मी पॉज दाबला तेव्हा खेळाच्या घड्याळात १:५३ झाले होते. स्टारक्राफ्ट टू ह्या संगणकावरच्या युद्धखेळाच्या एका ऑनलाइन लीगचा बाद फेरीचा सामना, बेस्ट ऑफ थ्री, एक-एक अशी बरोबरी आणि हा शेवटचा गेम. मी टेरन, समोरचा प्रोटॉस, ह्या खेळातल्या दोन जमाती. दोघंही आपापल्या चॅनेलवरून स्ट्रीम करत होतो. पॉजच्या आधी सहा सेकंद माझ्या दुसऱ्या मॉनिटरवरच्या चॅटमध्ये एक ओळ उमटली होती: ‘तुझ्या तिसऱ्या बेसच्या मागे पायलॉन आहे. दोन गेटवे.’

मी ती मुद्दाम वाचली नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललं की नजर जाते, तशी गेली. पण वाचली ती वाचलीच.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. गेटवे म्हणजे प्रोटॉसची सैनिक तयार करणारी इमारत, आणि ती पायलॉन नावाच्या छोट्या इमारतीजवळच बांधता येते. ती आपल्या तळावर न बांधता शत्रूच्या दाराशी लपवून बांधली की त्याला प्रॉक्सी म्हणतात. लवकर सापडली तर बांधणाऱ्याचा डाव जवळपास आटोपतो, नाही सापडली तर समोरच्याचा. त्या डावाची सगळी किंमत लपण्यात असते. आणि ते लपणं एका प्रेक्षकाने एका ओळीत संपवलं होतं.

त्या सहा सेकंदांत मी काय विचार केला ते मला अजून लख्ख आठवतं. एससीव्ही, म्हणजे माझा कामगार, पाठवून तिथे बघितलं तर ती सरळसरळ चोरी. नाही पाठवला तर? एरवी मी तिकडे स्काउट केलं असतं की नसतं, हे आता मलाच सांगता येत नव्हतं. म्हणजे त्या क्षणापासून माझी कुठलीच चाल माझी राहिली नव्हती. मी पॉज केला, कीबोर्डवरून हात काढले आणि गेमच्या चॅटमध्ये लिहिलं, ‘माझ्या स्ट्रीमच्या चॅटमध्ये तुझ्या इमारतींची जागा आली. अ‍ॅडमिनला बोलावते.’ पलीकडून फक्त एक प्रश्नचिन्ह आलं.

लीगचे नियम दीड पानाचे होते आणि मी ते वाचलेले होते. स्ट्रीम करणाऱ्या खेळाडूने किमान १८० सेकंदांचा डिले ठेवायचा. गेम चालू असताना स्ट्रीमचं चॅट बंद ठेवायचं. प्रत्येक गेमचा रिप्ले, म्हणजे खेळाने साठवलेली नोंद, जपायचा. पहिला आणि तिसरा नियम मी काटेकोर पाळत होते. दुसरा मला त्या दिवसापर्यंत तितका महत्त्वाचा वाटलाच नव्हता. डिले आहे ना, मग चॅटने काय होणार, अशी माझी समजूत होती.

समजूत चुकीची होती आणि ती कुठे चुकली ते नीट सांगायला हवं, कारण स्ट्रीम करणारे बरेच जण ह्याच जागी फसतात. डिले लागतो तो माझ्याकडून बाहेर जाणाऱ्या चित्राला. बाहेरून आत येणाऱ्या चॅटला तो लागत नाही. माझा तळ जगाला तीन मिनिटं उशिरा दिसत होता, पण जगाचं बोलणं माझ्यापर्यंत त्याच क्षणी पोचत होतं. माझ्या डिलेने मी सुरक्षित होते. समोरच्याची गुपितं माझ्यापासून सुरक्षित ठेवायला त्याचा डिले आणि माझं बंद चॅट, दोन्ही लागत होती.

अ‍ॅडमिन दहाएक मिनिटांत डिस्कॉर्ड ह्या गप्पांच्या सेवेवर आला. त्याने आधी गेम तसाच सोडायला लावला आणि दोघांकडून तीन गोष्टी मागितल्या: रिप्ले, स्ट्रीमची लिंक आणि संगणकावर रेकॉर्डिंग असेल तर ते. माझ्याकडे चॅटची सेकंदांसह नोंदही होती, तीही दिली. मग म्हणाला, ‘आता तासभर तरी लागेल. कुणीही ह्याबद्दल स्ट्रीमवर बोलू नका.’ मी स्ट्रीम थांबवली. एका मित्राचा मेसेज आला, ‘हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कुणाला कळणार होतं?’ त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही.

खरा प्रश्न अर्ध्या तासाने उभा राहिला. प्रतिस्पर्ध्याने माझी स्ट्रीम मागे नेऊन पाहिली होती. त्याने लिहिलं की चॅटमधली ती ओळ आणि पॉज ह्यांत तीन मिनिटं सहा सेकंदांचं अंतर आहे. म्हणजे मी माहिती घेऊन तीन मिनिटं गप्प बसले आणि गेम हातचा जातोय असं वाटल्यावर प्रामाणिकपणाचा आव आणला. मी स्वतः जाऊन पाहिलं. खरंच तसं दिसत होतं. ओळ येते, मग बराच वेळ जातो आणि मग पॉज. वाचताना मला दरदरून घाम फुटला. आपण खरं बोलतोय हे माहीत असूनही पुरावा आपल्या विरोधात उभा राहतो तेव्हा काय वाटतं, ते मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

उलगडा व्हायला वेळ लागला, पण झाला तो साध्या बेरजेने. साठवलेल्या स्ट्रीममध्ये चॅट खऱ्या वेळेवर बसतं आणि चित्र मात्र डिलेमुळे १८० सेकंद मागे असतं. म्हणून ती ओळ तिथे दिसत होती तेव्हा पडद्यावर गेम सुरूच झालेला नव्हता, आम्ही लॉबीत, म्हणजे गेमआधी थांबायच्या जागेत, होतो. रिप्लेनुसार पायलॉन बसवला गेला ०:३८ ला आणि गेटवे ०:५७ ला. लॉबीत असताना अजून न बांधलेल्या पायलॉनची जागा कोण सांगणार?

तरी एवढ्यावर भागवायचं नव्हतं. ओबीएस ह्या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधला डिले फक्त स्ट्रीमला लागतो, संगणकावर होणाऱ्या रेकॉर्डिंगला नाही. शिवाय ओबीएस फाइलला नाव देतं ते रेकॉर्डिंग सुरू झाल्याच्या तारखेचं आणि वेळेचं. माझ्या फाइलच्या नावात वेळ २१-०४-१० होती. रेकॉर्डिंगमध्ये गेम सुरू होतो ६ मिनिटं २० सेकंदांवर, म्हणजे २१:१०:३० ला. चॅटच्या नोंदीत ती ओळ २१:१२:१७ ची. वजाबाकी केली की १:४७. पॉज १:५३ ला. सहा सेकंद. मी हे आकडे एकाखाली एक लिहून पाठवले.

अ‍ॅडमिनने रिप्लेही तपासला. स्टारक्राफ्टचा रिप्ले हा व्हिडिओ नसतो, दोन्ही बाजूंनी दिलेल्या आज्ञांची ती यादी असते आणि तिच्यावरून गेम पुन्हा जसाच्या तसा घडवला जातो. खेळताना प्रत्येक खेळाडूचा संगणक अख्खा गेम आपल्याकडे चालवत असतो आणि समोरच्याचं न दिसणारं सैन्यही त्यात असतं. मॅपहॅक नावाची, झाकलेला नकाशा उघडा करणारी फसवणूक शक्य होते ती ह्यामुळेच. पण ह्याच रिप्लेमध्ये खेळाडूचा कॅमेरा कुठल्या क्षणी कुठे होता हेही पाहता येतं. १:४७ च्या आधी आणि नंतर माझा कॅमेरा त्या कोपऱ्याकडे एकदाही गेला नव्हता.

दुसरी गोष्टही ह्याच हिशोबातून निघाली. माझा गेम १:४७ चा असताना एका प्रेक्षकाला पायलॉन दिसला होता. प्रतिस्पर्ध्याच्या स्ट्रीमला तीन मिनिटांचा डिले असता तर हे शक्यच नव्हतं. विचारल्यावर त्याने लगेच मान्य केलं. दुसऱ्या गेमनंतर त्याचं ओबीएस बंद पडलं होतं आणि पुन्हा उघडताना रोजच्या सरावाचं प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचा संच, निवडलं गेलं होतं. डिले प्रोफाइलमागे साठवला जातो आणि सरावाच्या प्रोफाइलमध्ये तो नव्हता. त्याचा हेतू वाईट नव्हता, ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

निकालाच्या वेळी मी विचारलं की रिप्लेमधून गेम पुढे चालू करता येणार नाही का. २०१३ च्या हार्ट ऑफ द स्वार्म ह्या खेळाच्या विस्तारापासून ती सोय आहे, घड्याळ पायलॉनच्याही मागे नेता येतं. अ‍ॅडमिन म्हणाला, ‘गेम मागे नेता येईल. तुझं डोकं कसं मागे नेणार?’ गेम रद्द झाला, उरलेल्या मॅपपैकी एकावर पुन्हा खेळायचं ठरलं. आणि ताकीद दोघांनाही मिळाली: त्याला डिलेसाठी, मला उघड्या चॅटसाठी. पुन्हा चूक झाली तर गेम गमावणार.

मला ती ताकीद लागली. मीच सांगितलं आणि मलाच बरोबरीने दोषी धरलं, असं रात्रभर वाटत राहिलं. नंतर लीग ऑफ लेजेंड्स ह्या दुसऱ्या खेळाच्या २०१२ च्या विश्वस्पर्धेतलं प्रकरण आठवलं. अझुबू फ्रॉस्ट संघाच्या खेळाडूने सामना चालू असताना, प्रेक्षकांना दोन्ही संघ दाखवणाऱ्या मंचावरच्या मोठ्या पडद्याकडे वळून पाहिलं होतं. संघाला ३०,००० डॉलर दंड झाला, पण निकाल बदलला नाही आणि तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. मला तो निकाल कधीच पटला नव्हता. त्या पाहण्याने काही फरक पडला नाही, हे कोणी कसं मोजलं? मग तोच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. चॅट माझ्या टेबलावर उघडं होतं. त्याच्या डावाचं वाटोळं झालं ते त्याच्या प्रोफाइलमुळे आणि माझ्या मॉनिटरमुळे, दोन्हींमुळे.

पुन्हा खेळलेला गेम मी अकराव्या मिनिटाला हरले. त्याने ह्या वेळी प्रॉक्सी केली नाही. शांतपणे तीन बेस उभे केले, स्टॉर्म हे विजेचं अस्त्र आणलं आणि माझं सैन्य जाळलं. मित्राला उत्तर त्यानंतर पाठवलं: ‘कुणाला नाही, मला कळलं असतं.’

आता सामन्याच्या आधी मी दुसरा मॉनिटर केबल काढूनच बंद करते. चॅट मॉडरेटर सांभाळतात, प्रतिस्पर्ध्याबद्दल काहीही लिहिणारा त्यांच्याकडून थेट बाहेर जातो. ओबीएसमध्ये डिलेचा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लॉबीत शिरत नाही.

पुढच्या सीझनमध्ये तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. लॉबीत त्याने काही म्हणायच्या आत मी लिहिलं, ‘डिले १८०, चॅट बंद.’ त्याने आपल्या सेटिंग्जचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याखाली लिहिलं, ‘माझाही १८०. प्रोफाइल तपासलं.’ मग दोघांनी रेडी दाबलं.